काकू काय म्हणाल्या

शाळेतून फोन आला तेव्हा सुमंत हंचाटे ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून डबा खात होता. २००४ चा ऑक्टोबर. अटलांटाजवळच्या अल्फारेटाच्या हायस्कूलचे प्रिन्सिपल मिस्टर हेन्ली स्वतः फोनवर होते. आरोही ठीक आहे, काळजीचं काही नाही, हे त्यांनी आधी सांगून टाकलं आणि मग विचारलं, "मिस्टर हंचाटे, तुम्हाला मराठी चांगलं येतं ना?"

सोलापूर सोडून अमेरिकेत आल्याला सात वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"माझी मातृभाषा आहे ती," तो म्हणाला.

"मग बुधवारी साडेतीनला याल का? आम्हाला एका वाक्याचा अर्थ हवाय. जिल्ह्याच्या ऑफिसात स्पॅनिशचे लोक आहेत, कोरियनचे आहेत, मराठीचं कुणी नाही."

काय झालं ते संध्याकाळी आरोहीकडून कळलं. ती दहावीत होती. इंग्रजीच्या तासाला त्यांना एक जुनी कादंबरी होती, गुलामगिरीच्या दिवसांतली. पुस्तक थोर म्हणून नावाजलेलं, पण काळ्या माणसांना ज्या शिवीनं हाक मारत, ती शिवी त्यात पानोपानी. त्यामुळे ते शाळेत शिकवावं की नाही यावर दर वर्षी वाद व्हायचा. पालकांच्या सह्या घेतल्याशिवाय मुलांच्या हाती ते देत नसत. सुमंतनंही ऑगस्टमध्ये सही केली होती. कशावर केली ते वाचलं नव्हतं.

शिकवायला मिसेस सबनीस होत्या. मिसेस सबनीस म्हणजे मृणालिनीकाकू. त्यांचे यजमान डॉक्टर उल्हास सबनीस बहात्तर साली आले, तेव्हा अख्ख्या अटलांटात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. काकू नागपूरच्या, इंग्रजीत एम. ए. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी इथली परीक्षा दिली आणि गेली सोळा वर्षं त्या याच शाळेत होत्या. मंडळाचा गणपती त्यांच्या हातचा, मुलांची रविवारची मराठी शाळा त्यांनी काढलेली. आरोही शाळेत त्यांना मिसेस सबनीस म्हणायची आणि घरी आजी.

त्या सोमवारी सकाळी त्यांनी वर्गात ओळीनं एकेकाला पान वाचायला लावलं. आयझाया टॉलिव्हरची पाळी आली. सव्वीस मुलांत तो एकटा काळा. त्याच्या पानावर तो शब्द नऊ वेळा होता. "तो शब्द गाळून वाचतो," असं तो म्हणाला. लेखकानं लिहिलंय तसंच वाचायचं, असं काकू म्हणाल्या. त्यानं पुस्तक मिटलं. "माझ्या आईनं तुम्हाला चिठ्ठी दिलीय," तो म्हणाला. काकू म्हणाल्या, एकाला सवलत दिली तर उद्या सगळेच मागतील. तो हाताची घडी घालून बसून राहिला.

मग काकू वळल्या. आरोही पुढच्याच बाकावर होती. स्वयंपाकघरात बोलावं तशा सहज आवाजात त्या तिला मराठीत म्हणाल्या, "बघ ना, काळतोंड्याला वाचायलासुद्धा जड जातंय. ह्यांच्या आज्यांनी कापूस वेचला, तेवढीच ह्यांची लायकी."

"आणि मी हसले," आरोही म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली होती, बूटही काढले नव्हते. "बाबा, I don't know why. वर्गात कधी कोणी मराठी बोलत नाही ना. एकदम ऐकलं आणि हसू आलं. आयझायानं बघितलं."

तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये त्यानं तिला विचारलं, काय म्हणाली ती? आरोहीनं सांगितलं. एकेका शब्दाचं इंग्रजी करून सांगितलं.

"का सांगितलंस?" गिरिजानं विचारलं. ती दारात उभी होती, चार वर्षांचा वेदांत तिच्या कडेवर.

"त्यानं विचारलं. आणि मी हसले होते, आई."

आयझाया परत वर्गात गेला आणि ते पुस्तक त्यानं काकूंच्या टेबलावर फेकलं. कॉफीचा मग फुटला. त्याचा तुकडा उडून काकूंच्या मनगटाला लागला, दोन टाके पडले. मुलाला तिथल्या तिथे घरी पाठवलं. आता शाळेपुढे प्रश्न एवढाच होता की त्याला आठवडाभर घरी ठेवायचं, की शिस्तीबाहेर गेलेल्या मुलांसाठी काउंटीची जी वेगळी शाळा होती तिकडे वर्षभर धाडायचं. बाई खरंच तसं बोलल्या असतील तर गोष्ट वेगळी होती. काकू म्हणत होत्या, मी त्याची बाजूच घेतली, पोरीला मराठी नीट कळलं नाही.

सुमंत आयझायाला ओळखत होता. वसंतात तो कसल्याशा प्रोजेक्टसाठी घरी आला होता, उंच, कमी बोलणारा. गिरिजानं त्याला पोहे दिले होते आणि त्यानं ते सगळे संपवले होते. तो गेल्यावर सुमंतच आरोहीला म्हणाला होता, "तुमच्या ग्रुपला दुसरं कुणी मिळालं नाही का?"

त्याची आईही माहीत होती. मिसेस टॉलिव्हर शाळेची बस चालवायची. सकाळी त्यांच्या वसाहतीच्या तोंडाशी बस थांबली की ती सुमंतच्या गाडीला हात करायची, तोही करायचा.

मंगळवारी उल्हासकाकांचा फोन आला. वय झाल्यानं ते सावकाश बोलायचे. त्यांनी वेदांतची चौकशी केली, ग्रीन कार्डचं कुठवर आलं ते विचारलं. मग म्हणाले, "मृणालचं प्रेशर वाढलंय. दोन वर्षांनी रिटायर होणार होती. सोळा वर्षांत एक तक्रार नाही. तू समजूतदार आहेस, मी काही सांगायला नको."

"हो काका," सुमंत म्हणाला. एवढं एकच वाक्य तो बोलला. आपण नक्की कशाला हो म्हटलं, याचा विचार त्यानं फोन ठेवल्यावरही केला नाही.

गिरिजा मात्र भाजी चिरता चिरता उघड बोलली. "वेदांत सातव्या महिन्यात झाला. मी हॉस्पिटलात, तू हॉस्पिटलात. अठरा दिवस काकू या घरात राहिल्या. आरोहीच्या वेण्या घातल्या, डबे केले, मला डिंकाचे लाडू भरवले. माझी आई नाही येऊ शकली, त्या आल्या."

"मग मी काय खोटं बोलू?"

"मी कुठे म्हटलं खोटं बोल? भाषांतरात थोडं इकडचं तिकडे होतंच. त्या मुलानं बाईंवर पुस्तक फेकलं ते तर खरंच आहे ना? त्याची शिक्षा त्याला मिळणारच."

"आणि आरोही?"

गिरिजाची सुरी थांबली. "ती लहान आहे. विसरेल."

बुधवारी सुमंत इस्त्रीचा शर्ट घालून गेला. हेन्लींच्या खोलीत लांबट टेबल होतं. एका बाजूला काकू, मनगटाला पट्टी, अंगावर करड्या रंगाचा कोट. समोर मिसेस टॉलिव्हर बसचं जाकीट तसंच अंगात घालून आलेली. तिच्या शेजारी आयझाया, टाय लावून. टाय वडिलांचा किंवा आजोबांचा असावा, फार रुंद होता. आरोही दाराजवळच्या खुर्चीत होती. सुमंत तिच्या शेजारी बसणार होता, पण हेन्लींनी त्याला आपल्या उजव्या हाताला बसवलं.

"मिस्टर हंचाटे इथे असल्याचं मला समाधान आहे," हेन्ली सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "आपली मुलगी चुकली असं कुठलाही बाप उगाच म्हणणार नाही. म्हणून त्यांच्या शब्दाला मी किंमत देतो."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. वर काकूंचं वाक्य आरोहीनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, खाली त्याचा अर्थ. अक्षर नेहमीसारखंच टापटीप. अर्थ बरोबर होता. एक शब्दही वाढवलेला नव्हता. आठव्या वर्षापर्यंत सोलापुरात मराठी शाळेत गेलेली पोर. तिनं लायकी या शब्दासाठी दोन इंग्रजी शब्द लिहून एक खोडला होता, जास्त नेमका तो ठेवला होता.

"पहिला शब्द," हेन्ली म्हणाले. "हा शिवी आहे का?"

काळतोंड्या. सुमंत सावळा नव्हता, चांगला काळा होता. आई लाडानं त्याला काळोबा म्हणायची. काळतोंड्या म्हणायचे ते चित्रकलेचे मास्तर. वर्गाचा फोटो काढताना त्यांनी त्याला शेवटच्या रांगेत सरकवलं होतं, काळतोंड्या तू मागं हो, फोटो बिघडेल. चाळीस मुलं हसली होती. तो फोटो त्यानं घरी नेलाच नव्हता.

"शब्दशः पाहिलं तर काळ्या चेहऱ्याचा," तो म्हणाला. "पण आमच्याकडे घरात मुलांना असं म्हणतात. माझी आई मला म्हणायची. प्रेमानं."

आपलाच आवाज त्याला फार मोकळा, सरळ वाटला. दाराजवळच्या खुर्चीकडे त्यानं पाहिलं नाही.

"आणि हे कापसाचं?"

"आमच्याकडे वडीलधारी माणसं अशीच रागावतात. आम्ही शेतात राबलो आणि तुला साधं पुस्तक वाचणं जड जातंय. माझे वडील मला हेच म्हणायचे. त्या म्हणतायत, याच्या आज्यांनी कापूस वेचण्यासारखं कष्टाचं काम केलं आणि याला वाचायला जड जातंय."

"आणि शेवटचा शब्द? तुमच्या मुलीनं लिहिलंय, त्यांची तेवढीच पात्रता."

"लायकी म्हणजे योग्यता," सुमंत म्हणाला. "त्या बायका लायक होत्या. त्यांची तेवढी योग्यता होती. असा त्याचा अर्थ."

काकूंनी पर्समधून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. ते रडणं खोटं नव्हतं.

मिसेस टॉलिव्हर सुमंतकडे वळली. "सर, माझी आजी लायक होती, असं त्या म्हणाल्या?"

"हो."

"आणि तुमची मुलगी त्याला हसली? माझी आजी किती लायक होती, याला?"

"वर्गात आपली भाषा ऐकली की मुलं हसतात," सुमंत म्हणाला. यातलं अक्षर न् अक्षर आरोहीनं त्याला सांगितलेलं होतं.

हेन्ली दाराकडे वळले. "आरोही, तुझ्यावर कुणी रागावणार नाही. पण तुझी काही गल्लत झाली असेल, असं होऊ शकतं का?"

आता सुमंतला मान वळवावीच लागली. आरोही हेन्लींकडे बघत नव्हती, काकूंकडेही नाही. ती बापाकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. कोड्याचं उत्तर कळल्यावर माणूस बघतो तसं ती बघत होती.

"माझं मराठी तितकंसं चांगलं नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

आयझायानं गळ्यातला टाय सैल केला आणि आईला म्हणाला, "चल, मॉम." हेन्ली अजून बोलतच होते. ती दोघं उठून गेली.

आयझायाला वर्षभरासाठी काउंटीच्या त्या दुसऱ्या शाळेत धाडलं. इथून बसनं तासाभराची वाट. तिथे दारात मुलांची दप्तरं तपासायचे. काकूंच्या नोकरीला काही झालं नाही. काहीतरी केल्याचं दिसायला हवं होतं, म्हणून नोव्हेंबरात शाळेनं ती कादंबरीच अभ्यासक्रमातून काढून टाकली. पुस्तक नको म्हणणारे पालक खूश झाले. पुस्तक हवं म्हणणाऱ्यांनी वर्तमानपत्राला पत्रं लिहिली, त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. सगळा दोष पुस्तकावर गेला आणि माणसं सुटली.

दिवाळीत काकू करंज्या घेऊन आल्या. सोफ्यावर बसून त्यांनी सुमंतचा हात हातात घेतला. "अरे, मी तसं काही बोललेच नव्हते," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "रागात माणसाच्या तोंडून जातं काहीतरी. त्याचं एवढं?" या दोन वाक्यांत त्यांना काही विसंगत वाटलं नाही. निघताना दारात त्या गिरिजाला म्हणाल्या, "आरोहीला रविवारी शाळेत पाठवत जा गं. मराठी कच्चं राहिलंय पोरीचं. मी लक्ष देईन."

जिन्यावर आरोही उभी होती. ती ऐकून वर निघून गेली.

त्या बुधवारपासून ती घरात मराठी बोलेनाशी झाली. भांडण नाही, रुसवा नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, इंग्रजीत. वेदांतलाही इंग्रजीतच हाक मारायची. गिरिजानं आधी दटावलं, मग गोंजारलं, मग म्हणाली, इकडची सगळीच मुलं अशी होतात. शाळेत काळ्या मुलांनी तिला वाळीत टाकलं, कारण ती आयझायावर उलटली होती. बाकीच्यांनी टाकलं, कारण तिनं बाईंवर खोटा आळ घेतला होता. जेवणाच्या सुट्टीत ती लायब्ररीत बसते, हे सुमंतला शाळेच्या चिठ्ठीतून कळलं.

बस मात्र तीच होती. रोज सकाळी दार उघडून मिसेस टॉलिव्हर आधीसारखंच आरोहीला "गुड मॉर्निंग, बेबी" म्हणायची. डिसेंबरमध्ये एके दिवशी आरोही म्हणाली, मी बसनं जाणार नाही. त्या दिवसापासून सुमंत तिला सोडायला लागला. अकरा मिनिटांचा रस्ता. ती खिडकीबाहेर बघायची.

तिची ती कादंबरी त्याला गॅरेजमधल्या खोक्यात सापडली. डबा खाता खाता गाडीत बसून त्यानं ती पुरी वाचली. त्याला वाटलं होतं, आत त्या शिवीखेरीज काही नसेल. ते तसं नव्हतं. वाचताना दोनदा त्यानं डबा बाजूला ठेवला, आणि दोनदा वाटलं, आयझायासारख्या पोराला सगळ्यांसमोर हे वाचायला लावणं म्हणजे छळ आहे. पुस्तक वाचू नये म्हणणाऱ्यांचं त्याला पटलं, आणि वाचावं म्हणणाऱ्यांचंही. आपण मात्र दोघांतही बसत नाही, एवढं त्याला कळलं.

जानेवारीत एका दुपारी ऑफिसातून लवकर निघून तो शाळेमागच्या बसच्या आवारात गेला. मिसेस टॉलिव्हर रिकाम्या बसमध्ये झाडू मारत होती. चिप्सची पाकिटं, पेन्सिलीचे तुकडे, एक मोजा. तो पायरीवर उभा राहिला.

"मॅम, मी आरोहीचा वडील."

"माहीत आहे."

"त्या दिवशी मी बरोबर सांगितलं नाही." इंग्रजी वाक्यं त्यानं गाडीत जुळवून ठेवली होती, ती आता ओळीनं येईनात. "ती शिवी होती. आणि लायकीचा अर्थ माझ्या मुलीनं लिहिला होता तोच आहे. कापूस वेचण्याएवढीच तुमची लायकी, असं त्या म्हणाल्या."

तिचा झाडू थांबला नाही. "मला ठाऊक आहे काय म्हणाली ती. माझ्या मुलानं पहिल्याच दिवशी सांगितलं. तो माझ्याशी खोटं बोलत नाही."

"मला वाईट वाटतं."

"ते मला सांगून काय उपयोग?" आता ती सरळ उभी राहिली. वयानं ती सुमंतएवढीच असेल. "मिस्टर हेन्ली आता ऑफिसात आहेत. त्यांची गाडी ती तिथे, निळी. चला माझ्याबरोबर. मला जे सांगितलंत ते त्यांना सांगा, या महिन्यात माझा मुलगा परत येईल."

सुमंतनं निळ्या गाडीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढून काकू गेल्या, उल्हासकाकांचं प्रेशरचं बोलणं गेलं, मंडळातले तमाम चेहरे गेले, आणि प्रिन्सिपलसमोर खोटं बोललो हे लेखी झालं तर ग्रीन कार्डचं काय, हेही गेलं. तो पायरीवर उभाच राहिला. ती वाट बघत होती.

"मला थोडा वेळ द्या," तो म्हणाला.

"माझा मुलगा पाच वाजता उठतो," ती म्हणाली. "तिकडच्या बससाठी. मी त्याला उठवते आणि मग तुमच्या मुलांना न्यायला येते." तिनं कचऱ्याची सुपली उचलली. "बाजूला व्हा, सर. मला उतरायचंय."

तो बाजूला झाला. कचरा पिंपात टाकून ती पुढच्या बसकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही.

घरी आरोही जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती. सुमंतनं कोट काढला आणि तिच्यासमोर बसला. त्यानं ठरवलं होतं, हिच्याशी तरी आता खोटं बोलायचं नाही.

"मी मिसेस टॉलिव्हरना भेटून आलो," तो म्हणाला. "खरं काय ते सांगितलं त्यांना."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे नीट बघत होती. "And Mr. Henley?"

"नाही."

"Are you going to?"

त्यानं टेबलावरचे दोन्ही हात मागे घेतले. मग पेन्सिल उचलून तिनं खोडलेल्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला आणि पान उलटलं.